बियाण्याचं धान खायची वेळ येऊ नये म्हणून



मागच्या महिन्यात एका गावात गटाची बैठक होती. बचत जमा झाली, रजिस्टरवर सह्या झाल्या, मी उठणार तेवढ्यात एका वयस्कर ताईंनी विचारलं, "मॅडम, टीव्हीवर मंदी येनार, मंदी येनार म्हणतेत. मंग तेंदूचा पैसा बँकेत टाकू, का सोनं घेऊ, का घरीच ठेवू?"

मला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. घरी येऊन विचार केला, वही काढली आणि हा धडा लिहिला. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. मधे थांबून बोलावं, भांडावं, चालेल.

मंदी आपल्या गावात कशी येते?

देशात जेवढा माल तयार होतो, जेवढी कामं होतात, ती सलग सहा महिने घटत गेली की त्याला साधारणपणे मंदी म्हणतात. आपण ती पाहिली आहे. २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि एप्रिल ते जून या तीन महिन्यांत देशाचं उत्पन्न आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा जवळपास २४ टक्क्यांनी घटलं. पुढच्या तीन महिन्यांतही घट होतीच.

हे झाले दिल्लीचे आकडे. आपल्याकडे ती मंदी कशी दिसली, आठवा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कितीतरी बाया मिरची तोडायला तेलंगणात गेल्या होत्या, त्या तिकडेच अडकल्या. काही जणी जंगलाच्या वाटेने पायी परत आल्या. आठवडी बाजार बंद. हाताला काम नाही, पण दुकानाची उधारी चालूच. सरकारने महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने ५०० रुपये टाकले, ते काढायला बँकेपुढे रांगा लागल्या.

म्हणजे मंदी आपल्याकडे शेअर बाजारातून येत नाही. ती मजुरी बंद होण्यातून येते.

आमच्या घरची गोष्ट

माझं गाव सिंदेवाही तालुक्यातलं. बाबा शिवणकाम करतात. जून महिना म्हणजे शाळेच्या गणवेशांचा हंगाम, वर्षाची अर्धी कमाई त्यातच. २०२० च्या जूनमध्ये शाळाच उघडल्या नाहीत. त्याच वर्षी मला समाजकार्याच्या पुढच्या शिक्षणाला प्रवेश घ्यायचा होता.

आईकडे पैसे नव्हते असं नाही. तिने दोन-तीन हंगामांच्या तेंदूपत्त्याचे पैसे जमवून, एका एजंटाच्या सांगण्यावरून, पाच वर्षांच्या ठेवीत टाकले होते. ते मुदतीआधी निघत नव्हते. गटाच्या बैठका बंद होत्या, आणि गटातल्या सगळ्यांचीच गत सारखी, कुणाला मागायचं? शेवटी आईने गळ्यातली सोन्याची पोत सोनाराकडे गहाण ठेवली. २०,००० रुपये मिळाले, शेकडा ३ ने. त्यातले १२,००० माझ्या प्रवेशाला गेले.

महिन्याला व्याज ६०० रुपये. चौदा महिन्यांत नुसतं व्याज ८,४०० झालं. मुद्दल धरून २८,४०० भरायचे होते, ते जमले नाहीत. पोत गेली. पाच वर्षांची ती ठेव २०२२ मध्ये हातात आली, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "पैसा होता माय, पण वेळेले नोहता."

मी दोन वर्षं समाजकार्य शिकले. पण या एका वाक्यातून जे शिकले ते आज तुम्हाला सांगते.

ढोलीतलं धान आणि हातातला पैसा

आपण धानपट्ट्यातल्या बाया. मळणी झाली की धानाचे तीन वाटे कसे करायचे, हे कुणी शिकवावं लागत नाही. एक वाटा खायचा. एक बियाण्याचा. उरलं ते विकायचं. कितीही अडचण आली तरी बियाण्याच्या धानाला हात लावायचा नाही. आणि तो हात लागू नये म्हणूनच खायचं धान आधी पुरेसं ठेवायचं.

पैशाचंही तेच आहे. आईची चूक काय झाली? तिने सगळं बियाणं ठेवलं, खायचं धान ठेवलंच नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवा.

पहिला वाटा : खायचं धान

घरात महिन्याला रोख किती पैसे लागतात ते लिहा. तेल, मीठ, औषध, गाडीभाडं, मोबाइल, मुलांचं. समजा ४,००० लागतात. तर निदान तीन महिन्यांचे, म्हणजे १२,००० रुपये, असे ठेवा की सकाळी गेलं तर दुपारी हातात येतील. बँकेचं किंवा पोस्टाचं साधं बचत खातं यासाठी चांगलं. व्याज कमी मिळेल, मिळू द्या. हा पैसा वाढण्यासाठी नाही, वेळेला उभा राहण्यासाठी आहे.

बँकेत ठेवायची भीती वाटते, असं काही जणी म्हणतात. बँक बुडालीच तर एका बँकेत एका माणसाच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाख झाली. पोस्टातल्या पैशाला सरकारची हमी आहे. पतसंस्थेला मात्र हा विमा लागू नाही.

आणखी एक. गटातली बचत म्हणजे हा वाटा नव्हे. तो पैसा आपण एकमेकींना कर्जाने दिलेला असतो, म्हणून हवा त्या दिवशी सगळा परत मिळेलच असं नाही. अडचणीत गटाचं अंतर्गत कर्ज कामी येतं. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असेल तर आजारपण, उपासमार अशा वेळेसाठी तोही मागता येतो. पण मंदी आली की सगळ्याच एकदम मागतात. म्हणून स्वतःच्या नावावर थोडं वेगळं हवंच.

१२,००० एकदम कुठून येणार? तेंदूच्या फळीवर सत्तर-सत्तर पानांचे पुडे मोजून दिले की पैसे येतात, नंतर कधी बोनस येतो. धान विकलं की येतात. ज्या महिन्यात आले त्याच महिन्यात काही भाग बाजूला टाका. "उरलं तर ठेवू" म्हटलं की उरत नाही.

दुसरं काम : महागडं कर्ज आधी फेडा

गावात व्याज शेकड्यात बोलतात, म्हणून ते लहान वाटतं. शेकडा ५ म्हणजे वर्षाला ६० टक्के. १०,००० वर वर्षाचं व्याज ६,००० रुपये. तेच १०,००० तुम्ही पावणेसात टक्क्यांच्या ठेवीत टाकले, तर वर्षाला मिळतात ६७५. एका हाताने ६,००० देऊन दुसऱ्या हाताने ६७५ घेणं, याला गुंतवणूक म्हणता येईल का?

गटातून शेकडा २ ने १०,००० घेऊन सावकाराचे फेडले, तर महिन्याचं व्याज ५०० वरून २०० वर येतं. आणि ते २०० आपल्याच गटात राहतात. असं कर्ज फेडणं ही मंदीतली सगळ्यात खात्रीची कमाई आहे.

मायक्रोफायनान्सचे हप्ते दोन-तीन ठिकाणी चालू असतील तर हा नियम माहीत असू द्या. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला असं विनातारण कर्ज देताना, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. रिझर्व्ह बँकेने हे २०२२ पासून लागू केलं आहे. हिशेब करताना फक्त तेंदूचा महिना धरू नका, वर्षाच्या कमाईला बाराने भागा. कर्ज देणारा विचारो न विचारो, आपण आपला हिशेब करायचा.

तिसरं काम : ४५६ रुपयांचं कुंपण

धानाच्या बांधीला कुंपण करतो तसं घरालाही लागतं. जीवनज्योती विमा वर्षाला ४३६ रुपये, वय १८ ते ५०. सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०. दोन्ही मिळून ४५६. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख मिळतात. दुसऱ्यात अपघाती मृत्यूला २ लाख. साप चावला, झाडावरून पडलं, हेही अपघातात धरतात, पण दवाखान्याची नोंद लागते. म्हणून आधी दवाखाना, आणि तिथला कागद जपून ठेवायचा.

हे वर्ष १ जून ते ३१ मे असं चालतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यातून पैसे आपोआप कापले जातात. तेव्हा खातं रिकामं असेल तर विमा बंद पडतो. त्याच वेळी तेंदूचा हंगाम असतो, हात पैशाने ओला असतो. २० मेच्या आत खात्यात ५०० रुपये आहेत का, एवढं बँक सखीकडून बघून घ्या.

शेवटचा वाटा : बियाणं

वरची तीन कामं झाली, मग बियाणं. पाच-दहा वर्षं हात लावायचा नाही असा पैसा.

पोस्टात आवर्ती ठेव महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते, मुदत पाच वर्षं, व्याज सध्या ६.७ टक्के. दहा वर्षांच्या आतली मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी. वर्षाला कमीत कमी २५० रुपये, व्याज सध्या ८.२ टक्के. हे दर सरकार दर तीन महिन्यांनी ठरवतं, म्हणून टाकण्याआधी विचारून घ्या.

आणि शेअर बाजार? म्युच्युअल फंडात दरमहा थोडे थोडे टाकायचं तुमची शिकलेली मुलं सांगतात. वाईट नाही, पण आधी २०२० मध्ये काय झालं ते ऐका. मुंबईच्या बाजारात तीस मोठ्या कंपन्यांच्या भावावरून सेन्सेक्स नावाचा आकडा काढतात. जानेवारी २०२० मध्ये तो ४२ हजारांच्या आसपास होता. २३ मार्चला २६ हजारांच्याही खाली गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर तो ४७ हजारांच्या वर होता.

बाजार तोच, वर्ष तेच. मग मार्चमध्ये कोण बुडालं? ज्याला घर चालवायला तेव्हाच विकावं लागलं तो. ज्याच्याकडे खायचं धान होतं, तो थांबू शकला.

हे आपल्याला नवीन नाही. एप्रिलमध्ये मोहफुलं वेचली की जिला गरज आहे ती पडत्या भावात लगेच विकते. जिच्या घरात मीठ-तेलाची सोय आहे ती वाळवून ठेवते आणि पावसाळ्यात चढ्या भावाने विकते. फुलं दोघींची सारखीच. फरक थांबण्याच्या ताकदीचा. मोहफुलांचा भाव चढेलच याची हमी नसते, तशी बाजाराचीही नाही. म्हणून तिथे तेवढंच टाका, जे उद्या कमी दिसलं तरी चूल बंद पडणार नाही.

मंदीत येणारा गोड बोलणारा पाहुणा

कामं बंद पडली की दामदुप्पटवाले गावात फिरतात. त्यांना ओळखायला एक सोपा हिशेब शिका. ७२ ला व्याजाच्या टक्क्याने भागा, पैसे किती वर्षांत दुप्पट होतात ते कळतं. ८ टक्क्यांनी ९ वर्षं. कुणी म्हणालं दोन वर्षांत दुप्पट, तर तो ३६ टक्के देतो म्हणतोय. सरकार आठ देतं तर हा छत्तीस कुठून आणणार? पुढच्या बाईने भरलेल्या पैशातून.

पीएसीएल कंपनी आठवते? शेतजमिनीच्या नावावर देशभरातल्या पाच कोटींहून जास्त लोकांकडून पैसे घेतले. ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने तिला ४९ हजार कोटींहून जास्त रक्कम परत करायला सांगितलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली. तरी लोक वर्षानुवर्षं कागद घेऊन फिरत राहिले. असे एजंट बहुतेक वेळा ओळखीचेच असतात, म्हणून नाही म्हणायला संकोच वाटतो. तेव्हा म्हणा, "गटात विचारून सांगते." खरा असेल तो थांबेल. मोबाइलवरून फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर, तितका पैसा अडवता येण्याची आशा जास्त.

पुढच्या बैठकीत करायचं

प्रत्येकीने वहीच्या एका पानावर चार ओळी लिहायच्या. लिहिता येत नसेल तर शेजारणीने लिहून द्यायच्या.

१. घराला महिन्याला रोख किती लागतात?
२. आज संध्याकाळी गरज पडली तर किती हातात येतील?
३. कुणाचं किती देणं आहे, शेकडा किती?
४. विम्याचे ४५६ कापले गेले का?

दुसऱ्या ओळीतली रक्कम पहिल्या ओळीच्या तिप्पट होईपर्यंत नवीन गुंतवणूक नाही. एवढंच त्या ताईंना माझं उत्तर. सोनं घेऊ का, तेही त्या चार ओळींवरूनच ठरेल.

हे पान मी घरीही आईकडून लिहून घेतलं. आता तिच्या खात्यात तीन महिन्यांचे पैसे आहेत, आणि मेमध्ये त्यातूनच विमा कापला गेला. पोत अजून झालेली नाही. ती म्हणते, "थांब, आधी ढोली भरू दे."

पुढच्या वेळी गावात आले की तुमचं पान नक्की दाखवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक