डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलामुलींचा आरोग्यविमा : पुरेसा कोणता?



ऊस विकास खात्याने विम्यावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु उसाच्या बिलाचा पैसा शेवटी कोठे जातो, हे आम्ही गटागटांतून फिरताना पाहतोच. मुलगा किंवा मुलगी एम.बी.बी.एस.ला लागली की कोणी ठेव मोडतो, कोणी सोसायटीचे कर्ज वाढवतो. फीची जुळणी होते. पण शिकणारे पोरच आजारी पडले तर काय, याचा विचार बहुतेक घरांत राहून जातो. मग दवाखान्याचे बिल आणि पुढच्या वर्षाची फी एकाच वेळी दारात येऊन उभी राहतात. त्यातले एक भागते, दुसरे अडते. म्हणून हा धडा.

जोखीम कोणती?

एम.बी.बी.एस.चा अभ्यास साडेचार वर्षांचा आणि त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. इतकी वर्षे पोर होस्टेलवर राहते, मेसमध्ये जेवते, जागरणे करते आणि रोज रुग्णांच्या संगतीत वावरते. क्षय, कावीळ, डेंग्यू यांची गाठ पडण्याचा संभव घरी बसलेल्या मुलापेक्षा त्याला जास्त. रक्त काढताना सुई टोचण्याचा धोका वेगळाच. आपण लागणीआधी बेणेप्रक्रिया करतो, कोंब वाळल्यावर नाही. तसेच हिपॅटायटिस-बी लसीचे तीनही डोस झाले आहेत की नाहीत, हे पहिल्या वर्षीच पाहावे. सुई टोचलीच तर लगेच कॉलेजात कळवावे. एच.आय.व्ही. प्रतिबंधाचे औषध शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. लाजून किंवा भिऊन गप्प बसू नये, हे पोराला बजावून सांगा. हा खर्च भरती न होता होणारा असल्याने साधी पॉलिसी तो सहसा देत नाही.

कॉलेजचा विमा म्हणजे सगळे नव्हे

"कॉलेजचाच दवाखाना आहे की," असे पुष्कळजण म्हणतात. सवलत मिळत असेल तर ती घ्यावीच. परंतु पोर सुट्टीत गावी असताना किंवा प्रवासात आजारी पडले तर ती सवलत कामी येत नाही. कॉलेजने काढलेला विमा असेल तर त्याचा कागद मागून घ्या. तो फक्त अपघाताचा आहे की आजाराचाही, रक्कम किती, आणि कॉलेज सुटल्यावर चालू राहतो का, हे तीन प्रश्न विचारा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. हा आधार मोठा आहे. मात्र उपचार योजनेच्या यादीतला हवा आणि दवाखाना योजनेत सामील असलेला हवा. यादीबाहेरच्या दुखण्यासाठी स्वतःचा विमा लागतोच.

आकडा पाहू नका, अटी वाचा

पॉलिसीवर ३ लाख लिहिले म्हणजे ३ लाखांपर्यंतचे सगळे बिल मिळेल असे नाही. उदाहरण घेऊ. समजा, पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये आहे. आपण ६,००० ची खोली घेतली आणि पाच दिवस राहिलो.

खोलीभाडे : ३०,००० रुपये
डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग : १,००,००० रुपये
औषधे व तपासण्या : ५०,००० रुपये
एकूण : १,८०,००० रुपये

खोली दुप्पट भाड्याची घेतली म्हणून भाडे निम्मे कापले जाते. इतकेच नव्हे, तर डॉक्टर आणि थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात निम्मा होतो. मिळतात १५,००० + ५०,००० + ५०,०००, म्हणजे १,१५,००० रुपये. उरलेले ६५,००० आपल्या खिशातून. विमा ३ लाखांचा, बिल त्याच्या आत, तरीही! काटा बरोबर असून वजावटीत बिल घटावे, तसा हा प्रकार. म्हणून खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी पाहावी. ती परवडत नसेल तर मर्यादेतलीच खोली मागावी.

२०२० साली सुरू झालेली 'आरोग्य संजीवनी' ही ठरावीक अटींची पॉलिसी आहे. तिच्यात खोलीला रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला ५,००० पर्यंतच मर्यादा आहे आणि मंजूर दाव्याचा ५ टक्के भाग आपण सोसायचा असतो. इतर पॉलिसींची तुलना करायला तिचा मापासारखा उपयोग होतो.

रकमेबद्दल आमचे मत असे की, पोराच्या वाट्याला निदान ५ लाख असावेत. मोठ्या शहरात खाजगी दवाखान्याची वेळ येणार असेल तर १० लाखांचा विचार करावा.

कधी घ्यावा?

आडसाली उसाची तोड मिळायला सोळा-अठरा महिने थांबतो, तसे विम्यालाही थांबावे लागते. अपघात सोडला तर पहिले ३० दिवस आजाराचे संरक्षण नसते. आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३ वर्षे थांबायला लावू शकते. २०२४ पूर्वी ही मर्यादा ४ वर्षे होती. प्रवेश घेतानाच पॉलिसी काढली तर ही मुदत इंटर्नशिपपूर्वी संपते. शेवटच्या वर्षी जाग आली तर ऐन कामाच्या वेळी हात बांधलेले.

घरच्या पॉलिसीत मूल आधीच असेल तर उत्तम. परंतु त्यात मुलांना साधारण २५ वर्षांपर्यंतच ठेवतात. पुढे एम.डी., एम.एस. करायचे असेल तर वय उलटण्यापूर्वी त्याच कंपनीत स्वतंत्र पॉलिसी करून द्या, म्हणजे थांबलेला काळ हिशेबात धरला जातो. खोडवा राखायचा तर नांग्या वेळेवर भराव्या लागतात. पॉलिसीतही खंड पडू देऊ नये.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१) कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. दमा, थायरॉइड, साखर, जुने ऑपरेशन, जे असेल ते लिहा. लपवलेले दावा करताना उघडे पडते.

२) पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत वाचा. पटली नाही तर परत करता येते.

३) मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच विमा द्यावा, असा २०१७ चा कायदा आहे. मेडिकलच्या अभ्यासाचा ताण थोडा नसतो. ते कलम पॉलिसीत पाहून घ्या.

४) २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जी.एस.टी. नाही. पूर्वी तो १८ टक्के होता. हप्ता भरताना पावती तपासा.

५) हप्त्याची तारीख पावसाळ्यात येत असेल तर उसाच्या पहिल्या बिलातूनच रक्कम बाजूला ठेवा. सवलतीच्या दिवसांच्या भरवशावर राहू नका.

६) विम्याचे कार्ड कपाटात नको, पोराच्या खिशात हवे. भरतीच्या वेळी आपण तीनशे किलोमीटरवर असू. कॅशलेसची चौकशी कोणाकडे करायची, हे त्यालाच ठाऊक पाहिजे.

७) दावा नाकारला किंवा कंपनीने महिनाभर उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. पुण्यात व मुंबईत कार्यालय आहे, फी लागत नाही.

मुलगा-मुलगी परदेशात मेडिकलला असेल तर येथील साधी पॉलिसी बहुधा तेथे चालत नाही. त्या देशातला विमा वेगळा घ्यावा लागतो.

एकरी टनेज वाढवण्यासाठी आपण माती तपासतो, बेणे पारखतो. तेवढीच पारख पॉलिसीच्या कागदाचीही करा. घरात इंग्रजी वाचणारे कोणी नसेल तर त्या शिकणाऱ्या पोरालाच अटी मोठ्याने वाचायला सांगा आणि आपण शेजारी बसून ऐका. पुढे डॉक्टर झाल्यावर रुग्णाच्या विम्याचे कागद त्याच्यासमोर रोज येणार आहेत. सुरुवात घरापासून झालेली बरी.