कासदाह आणि होमिओपॅथी: औषधाचा गुण कसा पारखावा

दुभत्या जनावरांना होणारा कासदाह, म्हणजेच दगडी, हा रोग शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. कास सुजते, कडक व गरम होते आणि दुधात गाठी येतात. होमिओपॅथीच्या गोळ्यांनी असे जनावर बरे झाले, असे काही शेतकरी सांगतात. जनावर बरे झाले हे खरे. परंतु ते गोळ्यांमुळेच बरे झाले काय, हा प्रश्न निराळा आहे.

होमिओपॅथीची पद्धती जर्मन वैद्य हानेमान यांनी १७९६ मध्ये मांडली. तीत मूळ द्रव्याचा एक भाग नव्याण्णव भाग पाण्यात अथवा मद्यार्कात मिसळतात व हीच कृती पुनःपुन्हा करतात. ती तीस वेळा केलेल्या औषधात मूळ द्रव्याचा एकही कण उरण्याचा संभव जवळजवळ नसतो. तथापि केवळ तर्कावर न थांबता प्रयोगाने पडताळा घेणे इष्ट होय.

नॉर्वेमधील अशा एका प्रयोगाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. कासदाह झालेल्या ५७ गाईंचे तीन गट करून एकास होमिओपॅथी, दुसऱ्यास प्रतिजैविक व तिसऱ्यास औषधासारखे दिसणारे पण निर्गुण द्रव्य देण्यात आले. तिन्ही गटांत लक्षणे कमी होत गेली. होमिओपॅथीचा गुण निर्गुण द्रव्याहून अधिक आढळला नाही. यावरून, अनेक गाई निसर्गतःच सुधारतात व त्याचे श्रेय औषधास मिळते, हे ध्यानात येईल.

पशुधनावरील ५२ प्रयोगांचा एक आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २८ प्रयोगांचा कौल होमिओपॅथीच्या बाजूने होता. परंतु तशाच परिस्थितीत पुन्हा करून पाहिलेला प्रयोग एकही नव्हता. एकदाच आलेल्या फलावर विसंबणे योग्य नव्हे.

शेतकरी बंधूंनी व ग्रामसेवकांनी पुढील गोष्टी पाळाव्यात:

१. दोहनापूर्वी प्रत्येक सडाच्या पहिल्या धारा काळ्या कापडावर घेऊन गाठी आहेत काय ते पाहावे.

२. कास सुजल्यास, जनावरास ताप आल्यास अथवा दुधात रक्त वा पू दिसल्यास गोळ्यांच्या गुणाची वाट न पाहता त्वरित पशुवैद्यास बोलवावे. विलंबाने सड कायमचा निकामी होण्याची भीती असते.

३. प्रतिजैविके पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावीत व त्यांनी सांगितलेली मुदत संपेपर्यंत ते दूध विकू नये.

४. औषधाची ख्याती कानी आल्यास, ते न दिलेली किती जनावरे बरी झाली, हे अवश्य विचारावे.