रक्तात साखर, मेंदू उपाशी

मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोज हे आहे, आणि शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला प्रौढ माणसाचा मेंदू विश्रांतीच्या वेळी शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के एकटाच वापरतो. वाढत्या मुलाच्या मेंदूचा वाटा तर याहून बराच मोठा असतो. मात्र रक्तातील ग्लुकोज मेंदूत आपोआप झिरपत नाही. मेंदूतील केशवाहिन्यांच्या अस्तरावर असलेले ग्लूट-१ नावाचे वाहक प्रथिन ते आत नेते. हे प्रथिन घडवणाऱ्या, पहिल्या गुणसूत्रावरील जनुकात दोष असला की रक्तात पुरेशी साखर असूनही मेंदू अर्धपोटी राहतो. या विकाराचे, म्हणजे ग्लूट-१ न्यूनतेचे, पहिले वर्णन अमेरिकेतील बालमेंदूविकारतज्ज्ञ डॅरिल डी व्हिवो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये केले.

अशा मुलांच्या पालकांची फसगत बहुधा एकाच ठिकाणी होते. बाळाला आकडी येते, रक्तातील साखर तपासली जाते, अहवाल नॉर्मल येतो आणि साखरेचा विषय तिथेच मिटतो. खरा पुरावा पाठीतील पाण्यात, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात असतो. त्यातील ग्लुकोज एरवी रक्तातील ग्लुकोजच्या सुमारे ६० टक्के असते. या विकारात ते बहुतांश रुग्णांत डेसिलिटरला ४० मिलिग्रॅमच्याही खाली जाते, आणि मेंदूज्वराप्रमाणे त्यात पांढऱ्या पेशी किंवा लॅक्टेट वाढलेले नसते. ही तपासणी चार ते सहा तासांच्या उपाशी पोटी करावी, आणि रक्ताचा नमुना पाठीत सुई टोचण्यापूर्वीच घ्यावा, कारण रडण्याने व ताणाने रक्तातील साखर चढते आणि दोन्हींची तुलना बिघडते.

आकडीखेरीज इतर खुणाही असतात. तान्ह्या बाळाचे डोळे आणि डोके एकाच दिशेला झटक्याझटक्याने वळते. मोठे मूल सकाळी न्याहारीपूर्वी अडखळत चालते, बोबडे बोलते आणि खाल्ल्यावर सावरते. खूप धावल्यावर पाय आखडतात. हा 'उपाशी पोटी जास्त, खाल्ल्यावर कमी' असा क्रम पालकांनी वेळेसह लिहून ठेवावा व मोबाइलवर टिपावा, कारण दवाखान्यातील दहा मिनिटांत तो क्वचितच दिसतो.

उपचार म्हणून साखर वाढवायची नसून जवळजवळ बंद करायची असते, हे घरातील वडीलधाऱ्यांना पटवणे सर्वांत अवघड जाते. कीटोजेनिक आहारात स्निग्ध पदार्थांपासून यकृत कीटोन तयार करते, आणि कीटोन वेगळ्या वाहकाने मेंदूत शिरून ग्लुकोजची उणीव बरीचशी भरून काढतात. भात-पोळीची जागा तूप, लोणी, साय, खोबरेल तेल, अंडी आणि पनीर घेतात, तेही वजन करून. प्रसादाचा पेढा आणि खोकल्याचे गोड औषध हिशेबात धरावेच लागते. रुग्णालयात दाखल करताना ग्लुकोजच्या सलाइनविषयी आधीच सांगावे लागते. हा आहार केवळ तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच सुरू करावा, कारण स्निग्धांचे विघटन न होणाऱ्या काही आनुवंशिक विकारांत तो घातक ठरतो, शिवाय मूतखड्याची शक्यता असते आणि जीवनसत्त्वे व कॅल्शियम वरून द्यावी लागतात. फिनोबार्बिटल आणि व्हॅल्प्रोएट ही आकडीची नेहमीची औषधे या वाहकाच्या कामात अडथळा आणू शकतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे; तरीही ती परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांशी बोलून बदलावीत. चहा-कॉफीतील कॅफीन मात्र खुशाल टाळावे.

घराण्यात कोणालाच असे नव्हते, हा युक्तिवाद येथे टिकत नाही, कारण बहुतेक मुलांत जनुकातील बदल नव्यानेच घडलेला असतो आणि त्यात आईवडिलांचा दोष नसतो; रुग्णाच्या स्वतःच्या अपत्याला मात्र तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. जनुकचाचणीचा अहवाल यायला आठवडे लागतात आणि काही रुग्णांत तीत दोष सापडतही नाही. म्हणून लक्षणे व पाठीतील पाण्याचा अहवाल स्पष्ट असेल, तर आहार त्या कागदासाठी अडवून ठेवू नये.