समुद्राचे मोठे साहेब

आपल्या गावापासून समुद्र फार लांब. आमच्या वर्गात तो पाहिलेली दोनच मुले आहेत. मला वाटायचे, समुद्रावर काम म्हणजे कोळ्यांचे नाहीतर आरमाराचे. पण गुरुजींनी डॉ. सय्यद जहूर कासिम यांची माहिती सांगितली. त्यांचा जन्म ३१ डिसेंबर १९२६ रोजी अलाहाबादला झाला. तिथे गंगा आहे, यमुना आहे, समुद्र मुळीच नाही!

अलीगढला शिकून ते विलायतेत गेले व माशांचा अभ्यास करून डॉक्टर झाले. (हे सुई टोचणारे डॉक्टर नव्हेत.) पुढे १९७४ पासून ते गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. संस्थेच्या जहाजाचे नाव 'गवेषणी', म्हणजे शोध घेणारी. २६ जानेवारी १९८१ रोजी तिने समुद्राच्या तळातून काळे गोळे वर काढले. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असते.

असे गोळे ४ ते ५ किलोमीटर खोल तळावर पडलेले असतात. एवढी दोरी कोण सोडणार? म्हणून खोली आवाजाने मोजतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. तळ ४५०० मीटरवर असेल तर जायला ३ सेकंद, परत यायला ३. एक ते सहा मोजा, झाले! गोळा मात्र दहा लाख वर्षांत काही मिलिमीटरच वाढतो. आजीला सांगितले तर म्हणाली, "त्यापरीस आपले बटाटे बरे, तीन महिन्यांत निघतात."

१९८१ साली महासागर विकास खाते निघाले व कासिम साहेब त्याचे सचिव झाले. सचिव म्हणजे खुर्चीत बसून सही करणारे, असे मला वाटले होते. पण ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून जी पहिली भारतीय तुकडी अंटार्क्टिकाला निघाली, तिचे पुढारी तेच होते. 'पोलर सर्कल' हे नॉर्वेचे जहाज आणि २१ माणसे. साहेबांना ५५ वे वर्ष भर समुद्रात पुरे झाले. ९ जानेवारी १९८२ ला ते बर्फावर उतरले आणि २१ फेब्रुवारीला गोव्यात परत आले. सगळे मिळून ७७ दिवस. ते २०१५ साली वारले.

मी गुरुजींना विचारले, "त्या २१ जणांत कोणी बाई होती का?" नव्हती. पण १९८३ च्या डिसेंबरात तिसरी तुकडी गेली, तिच्यात दोन बाया होत्या. एक सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या गोव्याच्या त्याच संस्थेतल्या अदिती पंत. अदितीताईंचा जन्म नागपूरचा. तिथेही समुद्र नाही.

सातवीनंतरची शाळा तालुक्याला आहे. माझे बाबा पालकसभेला येतील तेव्हा हा कागद वाचतील. म्हणून अदितीताईंचे नाव मी लाल शाईने लिहिले आहे.