डू, आर की हॅव?

पुण्याच्या नारायण पेठेत केसरीवाडा आहे. १८८१ साली निघालेल्या 'केसरी' वृत्तपत्रावरून त्याला हे नाव मिळाले. इंग्रजीच्या तासाला 'केसरी'विषयी प्रश्न विचारायचे आहेत, असे समजा.

उर्दूत 'क्या' आरंभी येतो, मराठीत 'का' शेवटी. इंग्रजीत मात्र त्यासाठी एकच शब्द नाही. मग निवड कशी करायची? आपल्याच क्रियापदाकडे पाहा.

१. तुम्ही 'केसरी' वाचता का? ही सवय आहे. डू यू रीड 'केसरी'?
२. तुम्ही 'केसरी' वाचत आहात का? काम आत्ता चालू आहे. आर यू रीडिंग 'केसरी'?
३. तुम्ही आजचा 'केसरी' वाचला आहे का? काम पूर्ण झाले. हॅव यू रेड टुडेज 'केसरी'?

रोज 'केसरी' वाचणारा माणूस जेवत असेल, तर तो पहिल्या प्रश्नाला 'हो' म्हणेल, दुसऱ्याला 'नाही'. शब्द चुकला, की प्रश्नच बदलतो. 'डू यू रीडिंग' असे कधीही म्हणू नका.

स्वाध्याय
इंग्रजीत विचारा :
(अ) तुम्ही नारायण पेठेत राहता का?
(आ) तुम्ही केसरीवाडा पाहिला आहे का?