‘शून्य कचरा’ कुठवर मोजायचा?

प्रश्न : आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक अहवालात ‘शून्य कचरा, शाश्वत उद्योग’ असं छापलंय. बगॅसपासून वीज, मळीपासून इथेनॉल, काहीच वाया जात नाही म्हणे. मग उन्हाळ्याच्या तोंडावर ओढ्याचं पाणी काळं का पडतं आणि मासे का मरतात? अहवाल खोटा की आमचे डोळे?
– एक ऊस उत्पादक सभासद, सांगली जिल्हा

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात. अहवालातलं ‘शून्य’ कुठवर मोजलंय, यावर सगळं अवलंबून आहे.

आधी कारखान्याची बाजू घेऊ, कारण ती लेचीपेची नाही. टनभर उसातून साखर निघते 100 ते 110 किलो. त्याखेरीज सुमारे 280 ते 300 किलो बगॅस (उसाचा चोथा), 40-45 किलो मळी आणि 30-40 किलो प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) हाती येतं. बगॅस बॉयलरमध्ये जातं. त्याच्या वाफेवर कारखाना चालतो, वीज तयार होते आणि उरलेली वीज महावितरणला विकली जाते. मळी डिस्टिलरीत जाते, प्रेसमड खत होऊन शेतात परततं. एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल व्हावा, या कल्पनेला चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात. तिचं आपल्याकडचं इतकं जुनं आणि धडधडीत उदाहरण दुसरं क्वचितच सापडेल. उसात मुळातच 70 टक्के पाणी असतं, त्यामुळे नीट चालवलेल्या कारखान्याला बाहेरचं पाणीही फारसं लागत नाही. 2016 च्या नियमांनुसार टनामागे 200 लिटरपेक्षा जास्त सांडपाणी बाहेर सोडता येत नाही.

अडचण डिस्टिलरीपाशी सुरू होते. मळी आंबवून अल्कोहोल काढलं की मागे गडद तपकिरी पाणी उरतं. त्याला स्पेंटवॉश म्हणतात. एक लिटर अल्कोहोलमागे ते आठ-दहा लिटर, कधी त्याहून जास्त निघतं. पाण्यातली घाण मोजायचं माप म्हणजे बीओडी, अर्थात ती घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरमागे 200-300 मिलिग्रॅम असतो. कच्च्या स्पेंटवॉशचा 40 हजारांच्या पुढे जातो. आता हिशेब करा. नदीच्या लिटरभर पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो जेमतेम 8 मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर स्पेंटवॉश पुरता कुजायला पाच हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू लागेल. पावसाळ्यात वाहती नदी हवेतून प्राणवायू भरून घेते. मार्च-एप्रिलमध्ये डोहात साचलेल्या पाण्याला ते जमत नाही. मासे विषाने मरतात असं आपण म्हणतो, पण बहुतेकदा ते गुदमरून मरतात.

म्हणूनच डिस्टिलऱ्यांना ‘शून्य द्रव विसर्ग’ बंधनकारक आहे, थेंबभरही बाहेर सोडायचा नाही. त्यासाठी स्पेंटवॉशमधून आधी बायोगॅस काढतात. मग तो आटवून बॉयलरमध्ये जाळतात किंवा प्रेसमडवर फवारून कंपोस्ट करतात. कागदावर हे चोख आहे. पण आटवायला वाफ लागते, वाफेला पैसा लागतो. पावसात कंपोस्ट करता येत नाही, मग साठवण तलाव तुडुंब भरतात. तलावाचं अस्तर फाटलं, बांध फुटला किंवा रात्री टँकर ओढ्याकाठी रिकामा झाला, की शून्याचं काय होतं ते तुम्ही पाहताच आहात. तुमच्या ओढ्याला नेमकं काय झालंय, हे नमुना तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. गावाची गटारंही तिथेच येत असतील. पण पाण्याला तपकिरी-काळी झाक आणि जळक्या गुळासारखा आंबूस वास असेल, तर संशय डिस्टिलरीकडे जाणारच.

प्रश्न : समजा डिस्टिलरी चोख चालवली. मग तरी कारखाना ‘शाश्वत’ म्हणायचा ना?

उत्तर : तेवढ्याने नाही. घर लख्ख झाडायचं आणि केर उंबऱ्याबाहेर लोटायचा, याला कुणी स्वच्छता म्हणत नाही. कारखान्याची हद्द तारेच्या कुंपणापाशी संपते. साखरेचा परिणाम मात्र फडातच सुरू झालेला असतो.

पाण्याचंच बघा. किलोभर साखरेमागे शेतात ढोबळमानाने दीड-दोन हजार लिटर पाणी जातं. राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीत उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास, पण सिंचनाच्या पाण्यातला वाटा निम्म्याहून जास्त. कारखान्याने आवारात वाचवलेलं पाणी यापुढे किरकोळ आहे. ठिबक, पाचट न जाळता सरीत कुजवणं, लागणीचं क्षेत्र पाण्याच्या अंदाजाने ठरवणं, खरी बचत इथे आहे.

मग माणसं. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती मुकादमाकडून उचल घेऊन बीडहून येते आणि पालात राहून सहा महिने ऊस तोडते. सरकारने 2019 मध्ये नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. खाडा झाला की मजुरी बुडते आणि वर दंडही बसतो, ही त्यामागची एक मोठी चिंता. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, पैसा कारखान्याचा. जबाबदार उद्योगाची कसोटी नेमकी अशा जागी लागते. कायद्याने जे आपल्या अंगावर येत नाही, पण आपल्याच मालासाठी घडतं, त्याची नोंद तुम्ही घेता का?

कार्बनच्या हिशेबात हा विचार रुळलेला आहे. स्वतःच्या धुराड्याचा धूर, विकत घेतलेल्या विजेचा धूर आणि मालाच्या आधीच्या-नंतरच्या साखळीतला धूर असे तीन टप्पे वेगवेगळे मोजतात. तिसरा टप्पा बहुधा सगळ्यात मोठा असतो आणि अहवालातून तोच सर्वांत आधी गळतो.

प्रश्न : मोठ्या कंपन्यांना म्हणे यासाठी कायदे आहेत. आमच्या कारखान्याला का नाहीत?

उत्तर : प्रदूषणाचे कायदे सगळ्यांना सारखेच आहेत. 1974 चा जल कायदा, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, हरित लवाद, यातून सहकाराला सूट नाही. ‘प्रदूषण करील तो भरेल’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये देशाच्या कायद्याचा भाग मानलं, तेही सर्वांसाठी.

फरक आहे तो माहिती उघड करण्यात. ठरावीक मोठ्या कंपन्यांना 2013 च्या कंपनी कायद्याने नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना पाणी, ऊर्जा, कचरा आणि कामगार यांचा तपशील बाजार नियामक सेबीच्या नमुन्यात दरवर्षी जाहीर करावा लागतो. तुमचा कारखाना सहकारी कायद्याखाली नोंदलेला, म्हणून या दोन्हींतून बाहेर. दोन टक्क्यांची हळहळ करू नका. नफा झाल्यावर शाळेला बाकं देणं हे दान झालं. नफा कसा कमावला, हा खरा प्रश्न. सेबीसारखा नमुना मात्र हवाच होता.

तो नाही म्हणून हात बांधलेले नाहीत. पर्यावरण नियमांनुसार प्रत्येक संमतीधारक उद्योगाने 30 सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे पर्यावरण विवरणपत्र भरायचं असतं. त्यात पाणी किती वापरलं, सांडपाणी किती, त्यात काय होतं, घनकचरा कुठे गेला, हे सगळं असतं. तुमची सर्वसाधारण सभाही त्याच तारखेच्या आत होते. यंदा अहवालासोबत त्या विवरणपत्राची प्रत मागा. दिली नाही तर माहिती अधिकारात मंडळाकडून घ्या. मग विचारा : हंगामात स्पेंटवॉश किती तयार झाला, किती जाळला, किती कंपोस्टला गेला? बेरीज जुळत नसेल तर फरक कुठे मुरला? तोडणी टोळ्यांच्या पालांजवळ पाणी आणि संडास किती ठिकाणी आहेत?

‘हा खर्च केला तर उसाचा दर घटेल’ असं व्यासपीठावरून ऐकवलं जाईल. एफआरपी, म्हणजे उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, कायद्याने ठरलेली आहे, तिच्याखाली जाता येत नाही. तिच्यावरच्या चार पैशांना चिमटा बसू शकतो, हे खरं. पण लवादाने भरपाई ठोठावली तर तीही सभासदांच्याच पैशातून जाणार, आणि ओढ्याखालच्या विहिरी परत गोड होतील याची हमी कुणी देत नाही. तेव्हा विषयपत्रिकेवरचा अहवाल वाचायला घेतला की ‘मंजूर, मंजूर’ म्हणणाऱ्यांच्या आधी उठा. बाहेरच्या माणसाला हे विचारायला न्यायालय गाठावं लागतं, तुम्ही तर मालक आहात.