नाण्यावरचं साल वाचण्याआधी

आफ्रिकेच्या शोधमोहिमांवरची चांदीची नाणी मखमली डबीत, प्रमाणपत्रासकट विकायला येतात. वेल्ह्याच्या एका स्नेह्यांनी असंच एक घेतलं आणि भोरला मला दाखवायला आणलं. वर शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन, खाली 1813-1873. "दीडशे वर्षांचं आहे, भाऊ," ते म्हणाले. ते साल त्या माणसाच्या जन्म-मृत्यूचं; नाणं अलीकडचं. गांधी शताब्दीच्या 1969 सालच्या दहा रुपयांवरही 1869-1948 आहे, आणि तेही इंग्रजी अमदानीतलं म्हणून खपवणारे मी बघितलेत!

सराफाकडे टंच काढला. चांदी खरी, वजनही लिहिल्याइतकं. पण मोडीचा भाव दिलेल्या किमतीच्या निम्माही येईना. उरलेले पैसे डबीचे आणि गोष्टीचे.

म्हणून घेण्याआधीच वजन, टंच आणि मोडीचा भाव विचारावा. नुसतं 'चांदीचं' ऐकून भुलू नये. भारत सरकारच्या 35 ग्रॅमच्या कितीतरी स्मारक नाण्यांत चांदी निम्मीच, बाकी 40 टक्के तांबं आणि 5-5 टक्के निकेल व जस्त. सरकार हे लपवत नाही, मधला विकणारा सांगत नाही. चुंबक लावून निश्चिंत होण्यातही अर्थ नाही. जर्मन सिल्व्हरलाही ते चिकटत नाही, आणि त्यात चांदी औषधालाही नसते.

गोष्टीचे पैसे मोजूच नयेत, असं मी म्हणत नाही. नाशिकजवळच्या शरणपूरला गुलामीतून सुटलेली आफ्रिकी मुलं शिकत. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट लिव्हिंग्स्टनच्या शवासोबत लंडनपर्यंत गेला आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या दफनाला हजर होता. लिव्हिंग्स्टनच्या अशा साथीदारांसाठी रॉयल जिओग्राफिकल सोसायटीनं चांदीची पदकं काढली. तसलं पदक कुणी आणलं, तर चांदीचा भाव मी विचारणारही नाही. ते कुणाचं आणि कुणाकुणाच्या हातून आलं, एवढंच विचारीन. कागद नसेल तर मात्र ते चांदीच्या भावाचंच.

आपल्या भागात तर गोष्टींना तोटाच नाही. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला, हे पोरासोरांना ठाऊक, त्यामुळे 'गडावर सापडलंय' म्हणत कुणी नाणं पुढे केलं की भलेभले पाघळतात. जमिनीत सापडलेलं 10 रुपयांहून जास्त किमतीचं धन कलेक्टरला कळवावं लागतं, असा 1878 चा कायदा आहे. म्हणजे विकणारा एकतर थाप मारतोय, नाहीतर तुम्हालाही कायद्याच्या कचाट्यात ओढतोय. त्याच्याकडे पावती मागून बघा.